दुसरे ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत गेमिंग संगणकावर जो लेख आला, त्याच्या अखेरीस वाचकांना एक सल्ला दिला होता. एकदम मोठा खर्च झेपत नसेल तर आज एक ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारे कार्ड) घ्यावे, पुढेमागे त्याच मॉडेलचे दुसरे घेऊन शेजारी बसवावे, म्हणजे वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा तो सल्ला. मी संगणक जोडण्याचे आणि दुरुस्तीचे काम करते, हार्डवेअर शिकणाऱ्या मुलामुलींना शिकवतेही. हा सल्ला खरा होता तो काळ मी या कामातच काढला आहे. म्हणून तो आज छापून आलेला पाहून मला वाईट वाटले. वर्तमानपत्रात आले म्हणजे तपासून आले असणार, असे मानणारे आईवडील मला रोज भेटतात. त्यांच्यापैकी कोणी दुसरे कार्ड मागवण्याआधी हे पत्र छापून यावे, एवढ्यासाठी लिहीत आहे.

माझ्याकडे येणारा बहुतेक जण एकच प्रश्न विचारतो: “माझ्याकडे अमुक कार्ड आहे, त्याला जोडीला कुठलं चालेल?” कार्डाला कार्ड जुळवणे हा या सगळ्यातला सर्वांत शेवटचा आणि सोपा भाग आहे. त्याआधी हे पाहायला हवे की ते दुसरे कार्ड बसून करणार काय, आणि त्याला काम कोण देणार. काम देणारा गेम किंवा प्रोग्राम नसेल, तर हुबेहूब जुळे कार्ड आणूनही ते नुसते बसून राहते.

मागे एक कॉलेजचा मुलगा आपल्या वडिलांना घेऊन आला होता. आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, अशी दोन कार्डे. एकाच कंपनीची, खोकीसुद्धा सारखी. जुळणी चुकू नये म्हणून त्यांनी मुद्दाम शोधून तेच मॉडेल आणले होते. ‘ही दोन जोडायची पट्टी कुठे बसते?’ असे तो मला विचारत होता. पट्टी बसण्याची जागाच त्या कार्डावर नाही, कारण ३०६० मध्ये जोडीने गेम चालवण्याची सोय एनव्हिडियाने, म्हणजे त्यातली चिप बनवणाऱ्या कंपनीने, ठेवलेलीच नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही कार्डे व्यवस्थित दिसत होती, त्यामुळे त्याला वाटत होते की एखादे सेटिंग राहिले असावे. गेम सुरू केला की पहिले कार्ड शंभर टक्क्यांवर आणि दुसरे शून्यावर. वर आणखी एक नुकसान होते. दुसरा स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायची खाच, भरल्यामुळे त्याच्या मदरबोर्डने पहिल्या कार्डाच्या १६ लेनपैकी (लेन म्हणजे कार्डाकडे माहिती ने-आण करणाऱ्या वाटा) ८ काढून दुसऱ्याला दिल्या होत्या. पैसे देऊन त्याने आपल्या चांगल्या कार्डाचाच रस्ता अरुंद करून घेतला होता. वडील एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र राग आला होता, आणि तो त्या मुलावर मुळीच नव्हता. त्याला असा सल्ला देणाऱ्यांवर होता.

हा समज आला कुठून, तेही सांगायला हवे, कारण तो निराधार नव्हता. १९९८ साली थ्रीडीएफएक्सचे व्हूडू २ हे कार्ड आले. दोन व्हूडू २ एका छोट्या केबलने जोडली की पडद्यावरच्या एकाआड एक ओळी दोघे वाटून घेत; या जोडणीला एसएलआय म्हणत. एकटे कार्ड ८०० बाय ६०० पर्यंतच जाई, जोडी १०२४ बाय ७६८ पर्यंत पोचे. त्या काळात हा फरक डोळ्यांना लगेच जाणवायचा. पुढे थ्रीडीएफएक्स बुडाली, तिचे तंत्रज्ञान एनव्हिडियाने घेतले आणि २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटवर जीफोर्स ६ मालिकेसोबत एसएलआय पुन्हा आणले. पुढच्याच वर्षी एटीआयने, म्हणजे नंतर एएमडीत गेलेल्या कंपनीने, त्याच धर्तीचे क्रॉसफायर आणले. सुरुवातीला त्यात एक ‘मास्टर’ कार्ड लागायचे आणि दोन कार्डांना जोडणारी जाड केबल संगणकाच्या मागच्या बाजूला बाहेर लोंबत असायची. पुढे जोडणी आत आली आणि २०१३ च्या आर९ २९० पासून तर पट्टीच लागेनाशी झाली, सगळी देवाणघेवाण स्लॉटमधूनच होऊ लागली.

त्या दिवसांत ‘कोणते जुळेल’ याला नेमके उत्तर होते. एसएलआयसाठी दोन्ही कार्डांचे मॉडेल एकच आणि मेमरी तेवढीच हवी; बनवणारी कंपनी वेगळी असली तरी चाले. म्हणजे एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०८० सोबत १०८०च. १०८० सोबत १०७० नाही, १०८० टीआय तर नाहीच, आणि १०७० सोबत १०७० टीआयही नाही. क्रॉसफायर थोडे मोकळे होते, एकाच घराण्यातली दोन कार्डे चालत, जसे २९० सोबत २९०एक्स किंवा ७९५० सोबत ७९७०. मेमरी वेगवेगळी असेल तर मात्र कमी असलेल्याचा हिशोब धरला जाई.

मेमरीवरून आठवले. दोन आठ जीबीची कार्डे म्हणजे सोळा जीबी, हा गैरसमज माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनाही असतो. गेममध्ये तसे होत नाही. दोन्ही कार्डे त्याच दृश्याच्या फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी चित्रे, आळीपाळीने काढतात, पहिली याने, दुसरी त्याने. त्यामुळे भिंती, झाडे, चेहरे यांचे सगळे टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावरची चित्रे, दोघांकडेही पूर्ण असावे लागते. आठ अधिक आठ, पण उपयोगी आठच. हा गोंधळ होण्याचे एक कारण आता नव्याने आले आहे. घरच्या संगणकावर एआयची भाषिक मॉडेल चालवणारे लोक दोन कार्डांवर मॉडेलचे थर वाटून ठेवतात आणि तिथे मेमरीची बेरीज खरोखरच उपयोगी पडते. त्यांचा अनुभव खराच आहे, पण तो गेमला लावता येत नाही.

आळीपाळीने फ्रेम काढण्याच्या याच पद्धतीत पुढच्या ऱ्हासाचे बीज होते, आणि इथे मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. पहिली अडचण लयीची. आकडा सेकंदाला साठ फ्रेमचा दिसतो, पण दोन फ्रेम लगोलग येतात आणि मग मोठी फट पडते, पुन्हा दोन लगोलग, पुन्हा फट. सरासरी साठच राहते, डोळ्याला मात्र तीसच्या आसपासचे अडखळणे जाणवते. याला मायक्रोस्टटर म्हणतात. २०१३ मध्ये फ्रेममधले अंतर बारकाईने मोजण्याची साधने आली तेव्हा ही गोष्ट सगळ्यांपुढे आली आणि एएमडीने त्याच वर्षी फ्रेमची लय सांभाळणारा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) दिला. त्याने सुधारणा झाली, नाही असे नाही.

दुसरी अडचण मात्र ड्रायव्हरने सुटण्यासारखी नव्हती. अलीकडचे गेम प्रत्येक फ्रेम काढताना मागच्या फ्रेमचा आधार घेतात. कडा गुळगुळीत करणे, सावल्या, प्रतिबिंबे, कमी रेझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवणे, या सगळ्यांत आधीच्या फ्रेममधली माहिती पुढे वापरली जाते. आता मागची फ्रेम शेजारच्या कार्डाकडे असेल, तर ती मागवून घेईपर्यंत थांबावे लागते. दोन कामगार समोरासमोर बसले आहेत, पण प्रत्येकाला पुढचा टाका घालण्याआधी दुसऱ्याचा टाका पाहावा लागतो. मग दोघे मिळून एकट्याइतकेच शिवतात. ज्या गेमच्या रचनेतच असे अवलंबन आहे, तिथे दुसरे कार्ड निरुपयोगी ठरते, कधी कधी वेग कमीही होतो.

त्यातून एसएलआय चालायचे ते प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळी ‘प्रोफाइल’ लिहिलेली असेल तर. ती लिहिण्याचे काम कार्ड बनवणारी कंपनी करायची. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ (गेम आणि कार्ड यांच्यातला सॉफ्टवेअरचा दुवा) आले आणि दोन कार्डांना कामे वाटण्याची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांकडे गेली. कागदावर ही फार सुंदर सोय होती. ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या गेमने तर एएमडीचे एक आणि एनव्हिडियाचे एक अशी जोडीसुद्धा चालवून दाखवली. पण मूठभर खेळाडूंसाठी एवढी मेहनत किती स्टुडिओ घेणार? फारच थोड्यांनी घेतली. कंपन्यांनीही हळूहळू दारे लावून घेतली. २०१६ च्या जीटीएक्स १०६० वर जोडणीचा कनेक्टरच नव्हता. एनव्हिडियाच्याच २० मालिकेत २०७० वर नाही, पण २०७० सुपर, २०८० आणि २०८० टीआयवर होता. एएमडीच्या २०१९ च्या आरएक्स ५७०० ला क्रॉसफायर नाही. एनव्हिडियाच्या ३० मालिकेत जोडणीचा कनेक्टर राहिला तो फक्त ३०९० आणि ३०९० टीआयवर. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नव्या एसएलआय प्रोफाइल देणे बंद केले आणि ४० मालिकेतल्या ४०९० वरून तो कनेक्टरही गेला. म्हणजे आज दुकानात मिळणारे कोणतेही नवे गेमिंग कार्ड जुन्या अर्थाने दुसऱ्याला ‘जुळत’ नाही, मग मॉडेल कितीही सारखे असो.

ज्यांना जुन्या काळचे जोडकार्डी यंत्र हौसेने उभे करायचे आहे, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्या काळातले गेम त्या काळातल्या कार्डांवर चालवणे हा सुरेख छंद आहे. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट दिसले म्हणजे एसएलआय चालते असे नाही. एनव्हिडियाला दोन्हीकडे किमान आठ-आठ लेन लागतात आणि बोर्डाला त्यांची मान्यताही लागते. क्रॉसफायर चार लेनवरही चालून जाई. आणि पट्टी घेताना आधी दोन स्लॉटमधले अंतर मोजा. कडक पट्ट्या ठरावीक अंतराच्याच येतात, एक स्लॉट इकडेतिकडे झाला तर बसत नाहीत. २० मालिकेची पट्टी ३०९० ला लागत नाही, हेही सेकंड हँड घेताना पाहून घ्या.

आज दुसऱ्या कार्डाला खरे काम मिळते ते निराळ्या वाटेने, आणि लेखात त्याचा उल्लेख असता तर मला आनंद झाला असता. ‘लॉसलेस स्केलिंग’ नावाचा एक प्रोग्राम आहे. त्यात पहिले कार्ड गेम चालवते आणि दुसरे कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेल्या फ्रेम भरते. इथे पट्टी लागत नाही, मॉडेल सारखे लागत नाही, एक एएमडीचे आणि एक एनव्हिडियाचे असले तरी चालते. चित्र अधिक प्रवाही दिसते. मात्र माउस हलवल्यावर गेमने प्रतिसाद देण्याचा वेग त्याने वाढत नाही, उलट किंचित उशीर होतो, हे खेळणाऱ्याला आधी सांगितले पाहिजे. या मांडणीत मॉनिटरची केबल दुसऱ्या कार्डाला लावायची असते. अनेक जण सवयीने पहिल्याला लावतात, मग तयार फ्रेमला उलटा प्रवास करावा लागतो आणि सगळा फायदा वाहून जातो.

याही ठिकाणी कार्डाच्या मॉडेलपेक्षा स्लॉट महत्त्वाचा ठरतो. हिशोब साधा आहे. ३८४० बाय २१६० ची एक फ्रेम, प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले, तर सुमारे ३३ एमबीची होते. सेकंदाला साठ फ्रेम दुसऱ्या कार्डाकडे पाठवायच्या तर दोन जीबीचा रस्ता लागतो, १२० पाठवायच्या तर चार. पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या चार लेनमधून सेकंदाला जेमतेम ३.९ जीबी जाते. म्हणजे त्या स्लॉटवर साठला अडचण नाही, १२० ला रस्ता तुंबणार. २५६० बाय १४४० वर खेळणाऱ्याला तोच स्लॉट निवांत पुरतो. घरगुती मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट पुष्कळदा चारच लेनचा आणि थेट प्रोसेसरला न जोडता चिपसेट या मधल्या चिपमार्गे जोडलेला असतो; वरून पहिल्याइतकाच लांब दिसतो, म्हणून फसगत होते. मदरबोर्डाच्या माहितीपुस्तिकेत त्या स्लॉटसमोर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय खरेदी करू नये. काही बोर्डांवर एम.२ ची एसएसडी लावली की तो स्लॉट बंदच होतो, तेही त्याच पानावर बारीक अक्षरांत असते.

ड्रायव्हरची जुळणी तर फार थोडे लोक पाहतात. एएमडी आणि एनव्हिडियाचे ड्रायव्हर एकाच विंडोजमध्ये शेजारी नांदतात. पण दोन्ही कार्डे एनव्हिडियाची असतील तर दोघांना मिळून एकच ड्रायव्हर लागतो, आणि त्या एका आवृत्तीत दोन्ही कार्डांना आधार असावा लागतो. जीटीएक्स ७८० सारखी केप्लर पिढीची कार्डे ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हरशी थांबली, म्हणून ती ४० मालिकेच्या कार्डासोबत चालवता येत नाहीत. ५८० क्रमांकाचा ड्रायव्हर ही मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ९०० आणि १० मालिकांसाठीची शेवटची शाखा. ५० मालिकेत ३२-बिट कुडाचा (कार्डाकडून हिशोब करून घेण्याच्या एनव्हिडियाच्या सोयीचा) आधार काढल्यावर, वस्तूंच्या हालचालींसाठी फिजएक्स वापरणाऱ्या जुन्या गेमसाठी कित्येकांनी शेजारी एखादे लहान जुने कार्ड बसवले. पुढे एनव्हिडियाने काही निवडक गेमसाठी ती सोय परत दिली. अशा वेळी शेजारचे कार्ड १०५० असेल तर ड्रायव्हर ५८० वरच अडकून राहतो. त्यापेक्षा लहान का होईना, ३० मालिकेतले घेतलेले बरे.

आता वीज. बाकी सगळे चुकले तर पैसे जातात, इथे चुकले तर यंत्र जळते, म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पुन्हा पुन्हा ऐकवते. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, सहा पिनच्या कनेक्टरमधून ७५, आठ पिनच्या कनेक्टरमधून १५०. जीटीएक्स १०८० टीआय हे एकटेच २५० वॉटचे कार्ड. दोन म्हणजे ५००, त्यात प्रोसेसर, पंखे, डिस्क आणि क्षणभर उसळणाऱ्या मागणीसाठी मोकळी जागा धरली, तर ८५० वॉटच्या खालचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मी लावत नाही. एका केबलच्या शेवटी दोन तोंडे असतात, त्या दोन तोंडांवर दोन मोठी कार्डे चालवू नका, प्रत्येकाला स्वतंत्र केबल द्या. आणि कृपा करून दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या केबल याला लावू नका. कार्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. बसते म्हणून लावलेल्या अशा केबलने जळालेल्या हार्ड डिस्क माझ्या टेबलावर आल्या आहेत. त्यांत कुणाचे घरचे फोटो होते, कुणाचा प्रकल्प.

उष्णतेचे एवढेच सांगते की आजची कार्डे अडीच-तीन स्लॉट जाडीची असतात. दोन्ही एकमेकांना चिकटून बसली तर वरच्याला खालच्याची गरम हवा ओढावी लागते आणि ते आपला वेग कमी करून घेते. मध्ये निदान एका स्लॉटची मोकळी जागा नसेल तर तो विचार सोडून द्यावा.

मग थोडे थोडे पैसे साठवून वेग वाढवू पाहणाऱ्याने काय करावे? आधीचे कार्ड चालू स्थितीत असतानाच विकावे आणि ती रक्कम साठवलेल्या पैशात घालून एकच वरच्या दर्जाचे कार्ड घ्यावे. ते प्रत्येक गेममध्ये चालते, प्रोफाइलची वाट पाहत नाही, आणि त्याची सगळी मेमरी खरोखर त्याची असते. लेखकांनी हे लिहिले असते तर मी हे पत्र लिहिलेच नसते.

आणि तो लेख वाचून ज्यांनी दुसरे कार्ड आधीच मागवले आहे, त्यांना विनंती. परत करण्याची मुदत संपायच्या आत ते बसवा. आपण रोज खेळतो तो गेम सुरू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर दोन्ही जीपीयूंचे, म्हणजे दोन्ही कार्डांचे, आलेख पाहा. एक भरलेला आणि दुसरा सपाट दिसला, तर तो गेम दुसऱ्या कार्डाला काम देत नाही. सोबत जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडून बस इंटरफेसची ओळ वाचा. पहिल्या कार्डासमोर १६ लेनच्या जागी ८ आले असेल, तर ते बहुधा दुसऱ्यामुळे आले आहे. हे वाचन गेम चालू असतानाच घ्या. संगणक रिकामा असताना कार्ड वीज वाचवायला जोडणीचा वेग उतरवते आणि आकडे खोटेच लहान दिसतात.

आपली नम्र,
संगणक जोडणी व दुरुस्ती करणारी एक वाचक